वावर, पावर आणि पावरलूम

आमच्या चिरंजीवांनी बारावीनंतर शेती शिकायचं जाहीर केलं, तेव्हा घरातली लागवडीखालची एकूण जमीन म्हणजे गॅलरीतली तुळस. तीही रंगाच्या रिकाम्या डब्यात. घर भेस्तानात, तिसऱ्या मजल्यावर. खाली रिक्षांचा तळ, पलीकडे पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांची धुराडी, आणि वारा फिरला की जो वास घरात शिरतो त्याला मृद्गंध म्हणायला कवीच लागेल. अशा घरात वाढलेलं पोरगं एका रात्री जेवता जेवता म्हणालं, "पप्पा, मी अ‍ॅग्री करतो."

"म्हणजे शेतीच ना?" त्याच्या आईनं विचारलं.

"शेती नाही गं आई. अ‍ॅग्री."

तेव्हा मला वाटलं, पोरगं शब्दांचा घोळ घालतंय. आज चौथ्या वर्षी सांगतो, त्याचंच बरोबर होतं. शेती आणि अ‍ॅग्री हे दोन वेगळे धंदे आहेत. शेती आमचे आबा करतात. अ‍ॅग्री विद्यापीठ करतं, बँक करते, बियाण्याची कंपनी करते, औषधाचा दुकानदार करतो. शेतीत पैसे जातात आणि अ‍ॅग्रीत येतात, एवढा साधा फरक मला समजायला पन्नाशी यावी लागली.

माझा स्वतःचा संबंध म्हणाल तर मी शेतीतून पळालेला माणूस. शिंदखेडा तालुक्यातून तापी लाइनची पॅसेंजर धरली आणि उधन्याला उतरलो. वाटेत नवापूर लागतं. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथं गाडी थांबली तेव्हा एक डबा मागे आणि एक पुढे असं माझंही मन झालं होतं. पण गाडीला मन नसतं, ती सुटली. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात तेव्हाच एवढं खानदेश येऊन बसलं होतं, की पहिल्या आठवड्यात गावच्यापेक्षा जास्त गाववाले मला इथं भेटले. लूम्सच्या खात्यात कामाला लागलो. पुढे हिशेब जमतो असं दिसल्यावर शेठनं मेहताजी केलं. तेव्हापासून ताके मोजतोय. पॉलिएस्टरचे ताके. या धाग्याला पाऊस लागत नाही, याच्यावर बोंडअळी पडत नाही, आणि याचा भाव पडला तर शेठ रडतो, मी नाही. कापसाच्या घरात जन्मलेल्या माणसाला याहून मोठं सुख काय हवं?

तर असा मी, आणि माझा मुलगा उलट्या गाडीत बसायला निघालेला.

गावाकडे फोन केला. आबांना नीट ऐकू येत नाही, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

"पोऱ्या काय शिकी ऱ्हायना?"

"शेती, आबा. चार वर्षांचा कोर्स आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "शेती शिकानी ऱ्हास का? मंग मी इतला वरीस काय करं?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय.

नातेवाइकांत मात्र बातमी चांगली गेली. बायकोचा भाऊ व्यवहारी माणूस, लग्नं जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो म्हणाला, "भाऊजी, झकास केलंत. मुलीकडचे दोनच गोष्टी विचारतात. शेती आहे का, आणि मुलगा करत तर नाही ना. ही पदवी म्हणजे शेती आहे आणि मुलगा करत नाही, याचा सरकारी शिक्क्याचा दाखला!"

मग सातबाऱ्याचा शोध सुरू झाला. कृषीच्या प्रवेशाला महाराष्ट्रात सातबारा जोडला की जादा गुण मिळतात, असं कळलं. आमच्या पाच एकरांनी आजवर घराण्याला दिलेली ही पहिली खात्रीची मिळकत. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि बारा म्हणजे तिच्यात काय पिकलं. आमच्या सातमध्ये सतरा नावं आहेत. त्यातली पाच देवाघरी, चार सुरतेत, दोन पुण्यात, आणि एक आत्या अशी की तिचं नाव काढलं तरी भांडण होतं. बारामध्ये 'कापूस' लिहिलेलं. आता पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची असते, त्यामुळे धाकट्या काकांनी बांधावर उभं राहून फोटो काढला होता. फोटोत कापूस कमी आणि काका जास्त होते. तरी गुण मिळाले असते. पण चिरंजीवांची दहावी-बारावी इथली, त्यामुळे शेवटी नंबर लागला नवसारीला. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, भाषा वाटली, मुंबई वाटली, डांगवरून तंडले, पण सातबारा मात्र दोघांनीही जपून ठेवला. इथेही 'सात-बार' म्हटलं की तलाठी मान वर करतो. भावकीला सीमा नसते.

नवसारी भेस्तानहून वीस-पंचवीस किलोमीटर. मेमू पकडायची, सचिन, मरोली आणि नवसारी. सचिन सोडलं की गिरण्या विरळ होतात आणि ऊस दिसायला लागतो. स्टेशनवरून दांडीच्या रस्त्यानं एरू चार रस्ता, तिथं विद्यापीठ. म्हणजे ज्या बाजूला गांधीजी १९३० साली मीठ उचलायला गेले, त्याच बाजूला माझा मुलगा जमिनीतला खार मोजायला जाणार. गुजरातचं कृषी विद्यापीठ १९७२ साली एकच होतं. २००४ मध्ये त्याची चार झाली आणि नवसारीचं वेगळं निघालं. चार भावांची वाटणी होते तशीच. फरक इतकाच की वाटणीनंतर आमच्याकडे प्रत्येकाची जमीन कमी झाली, आणि विद्यापीठांत प्रत्येकाला कुलगुरू मिळाला. महाराष्ट्र याबाबतीत दूरदृष्टीचा. त्यानं १९६८ ते १९७२ या काळातच राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशा चार वेगवेगळ्या चुली मांडून टाकल्या.

पहिल्या दिवशी मुलाला सोडायला मी सोबत गेलो. आवारात आंबा, चिकू, भात, ऊस, सगळं रांगेत, पाट्या लावून उभं. प्रत्येक वाफ्याला नंबर. तण नाही, बांधावरून भांडणारा चुलता नाही. एवढं शिस्तीतलं वावर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिथल्या एका मजुराला विचारलं, "पीक कसं आहे यंदा?" तो म्हणाला, "साहेब, हे पीक नाही, प्लॉट आहे." म्हणजे त्यालाही फरक ठाऊक होता.

पोरगं शनिवार-रविवारी घरी यायचं आणि येताना ज्ञान आणायचं. एकदा त्यानं मला विचारलं, "पप्पा, जगातला पहिला संकरित कापूस कुठं तयार झाला?" मी म्हटलं, अमेरिकेत. "सुरतेत!" आणि खरंच की. अठव्याच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेलांनी १९७० साली 'संकर-४' काढला. जगात व्यापारी लागवडीसाठी आलेलं कापसाचं पहिलं संकरित वाण. कपाशीचं फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्यातले पुंकेसर चिमट्यानं किंवा नखानं काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण आणून त्या फुलाला लावायचे. एकेक फूल, हातानं. संध्याकाळी साखरपुडा, सकाळी अक्षता. एकीकडचं वाण 'गुजरात-६७' आणि दुसरीकडचं 'अमेरिकन नेक्टरीलेस'. म्हणजे गुजरातची मुलगी आणि अमेरिकेचं स्थळ! हे सुरतेतच सुचू शकतं.

ही गोष्ट ऐकल्यावर मी दोन दिवस गप्प होतो. आमच्या आबांनी तरुणपणी ज्या 'एच-फोर'च्या, म्हणजे याच संकर-४च्या जिवावर पत्र्याचं घर बांधलं, तो या गावातून आला. त्या कापसाला भाव मिळेना म्हणून त्यांचा मुलगा याच गावात आला आणि जे कापूस नाही ते विणायला लागला. सुरतेनं आम्हाला बी पण दिलं आणि लूम पण. मधल्या पावसाचं तेवढं तिनं बघितलं नाही.

आबांसाठी मात्र 'हायब्रीड' हा शब्द वेगळाच. त्यांच्या लेखी हायब्रीड म्हणजे हायब्रीड ज्वारी, आणि हायब्रीड ज्वारी म्हणजे दिसायला भरदार पण भाकरीला चव नाही. पुढे त्यांनी तो शब्द नातवंडांना लावला. आमच्या चिरंजीवांनी ज्वारी पहिल्यांदा बघितली ती हिवाळ्यात, पोंकाच्या दुकानात, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर. आपण हुरडा म्हणतो तोच हा, फक्त सुरतेत त्याच्याबरोबर शेव येते, कारण सुरतेत शेवेशिवाय काही येत नाही. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत याला ज्वारीचं उपयुक्त अंग विचारलं असतं तर यानं 'लिंबूमिरी' सांगितलं असतं.

दुसऱ्या वर्षी आखाजीला आम्ही सगळे गावी गेलो. पोरगं प्लास्टिकच्या पिशव्या, फावडं आणि एक वही घेऊन वावरात उतरलं. माती परीक्षणाचा नमुना घ्यायचा होता. सरळ चालायचं नाही, नागमोडी चालायचं. इथं एक खड्डा, तिथं एक. खड्डा इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा, वीतभर खोल, आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. मग सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, असं करत करत अर्धा किलो राहीपर्यंत. आबा बांधावर बसून बघत होते. शेजारच्या वावरवाल्यानं ओरडून विचारलं, "आबा, नातू पिऊन चालतोय काय?" आबा म्हणाले, "नाही, शिकून चालतोय."

अर्ध्या किलोचा अहवाल महिन्यानं आला. सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. सामू, क्षारता, जस्त, लोह अशा एकूण बारा गोष्टींचे रकाने. २०१५ पासून सरकार देतं ती ही आरोग्यपत्रिका. पोरानं फोनवरून ती आबांना वाचून दाखवली. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि पानी?"

"आबा, पाण्याचा रकाना नाही त्यात."

"मंग आजार कोनता सांगा त्यास्नी?"

त्यानंतर पोरगं दोन रविवार घरी आलं नाही. परीक्षा असावी.

हे सगळं शिकून पुढे काय, याची यादी मात्र त्यानं पहिल्याच वर्षी भिंतीवर लावली होती. बँकेत कृषी अधिकारी. नाहीतर स्पर्धा परीक्षा. नाहीतर ठिबकवाल्या किंवा बियाण्याच्या कंपनीत. नाहीतर पुढे एमबीए, त्यातही कृषी व्यवसायाचं. नाहीतर खत-औषधाचं दुकान, कारण परवान्याला आता कृषीचं शिक्षण लागतं. नाहीतर ड्रोन. मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. शेती कुठं सापडली नाही. विचारलं तर म्हणाला, "पप्पा, तो प्लॅन बी आहे." आमच्या घराण्यात तीन पिढ्या प्लॅन बी वरच जगल्या हे त्याला कोण सांगणार.

आणि गंमत म्हणजे हे आजचं नाही. मी खात्यात दुपारी लाइट गेली की वाचत बसतो, त्यात मला सापडलं. बंगालचे द्विजेंद्रलाल राय, पुढे मोठे नाटककार झाले ते, १८८४ साली सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेत गेले. कशाला, तर शेती शिकायला. सायरेन्सेस्टरच्या कृषी महाविद्यालयात शिकले, पदव्या घेतल्या, १८८६ साली परत आले आणि लागले कुठं? डेप्युटी मॅजिस्ट्रेट! बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आमच्या खासेराव जाधवांना असंच विलायतेत शेती शिकायला धाडलं. परतल्यावर तेही महसुलाच्या कारभारात मोठे अधिकारी झाले. रवींद्रनाथ टागोरांनी तर १९०६ मध्ये आपल्या मुलाला, रथींद्रनाथांना, थेट अमेरिकेतल्या इलिनॉयला पाठवलं. जमीनदाराचा मुलगा शेती शिकून येईल आणि रयतेचं भलं होईल, हा विचार. रथींद्रनाथ आले, शेतीत खटपट केली, आणि १९५१ साली विश्वभारतीचे कुलगुरू झाले. म्हणजे पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये रात्री चहावर जागणारी जी कृषी पदवीधर पोरं आहेत, ती वाट चुकलेली नाहीत. वाट पहिल्यापासून तिकडेच जाते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना एकच गोष्ट कळली नव्हती. उत्तम शेतीची पदवी घेतली की कनिष्ठ नोकरी उत्तम मिळते.

तिसऱ्या वर्षी व्यवस्थापन आलं. हैदराबादला एक राष्ट्रीय संस्था आहे, कृषी विस्तार व्यवस्थापनाची, १९८७ सालची. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाचं आखूड रूप होतं 'मॅनेज'. नाव ठेवणाऱ्याला मी मनापासून मानतो, कारण भारतातल्या शेतकऱ्याचा अख्खा इतिहास त्या एका शब्दात बसतो. आबा दरवर्षी काय करतात? मॅनेज. सोसायटीचं कर्ज फेडायला दुकानदाराकडून उधार घ्यायचे. दुकानदार तगादा लावायला लागला की कापूस खेडा खरेदीवाल्याला पडेल भावात घालायचा. मग घरात काही उरत नाही म्हणून सुरतेला फोन, "पैसा धाड." मुलानं माझ्यासमोर वहीवर चौकोन काढून 'रोख प्रवाह' समजावला. पैसा कुठून येतो, कुठं जातो, बाण काढून. आबांच्या शेतीचा प्रवाह काढून बघितला तर सगळे बाण भेस्तानहून निघत होते. म्हणजे गेली तीस वर्षं मी त्या शेतीचा गुंतवणूकदार होतो, आणि मला हिस्सा म्हणून मिळाली ती आखाजीला दोन शेर डाळ आणि एक पिशवी मिरची. मिरची मात्र फार उत्तम असते, खोटं का बोला.

आता चौथं वर्ष. सातव्या सत्रात यांना खेड्यात राहायला पाठवतात, ग्रामीण कार्यानुभव म्हणून. महाराष्ट्रात या मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. गावात टोप्या घालून येतात, बीजप्रक्रिया दाखवतात, बोर्डो मिश्रण करतात, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात फोटो येतो. फोटोत बादलीभोवती अकरा विद्यार्थी आणि एक शेतकरी. शेतकऱ्याचा चेहरा नेहमी बादलीकडे.

आमच्या चिरंजीवांची नेमणूक वांसदा तालुक्यातल्या एका गावात झाली. आदिवासी भाग, पाऊस धोधो. तिथल्या कुकणा बोलीत याची तोडकीमोडकी अहिराणी चालून गेली. आजीच्या जिभेचा या शिक्षणाला झालेला हा पहिला उपयोग. रोज रात्री फोन. पहिल्या दिवशी भात लावायला चिखलात उतरला आणि बसला. बसला म्हणजे ठरवून नाही. दोन रोपांत पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं म्हणून यानं दोरी ताणली, खुणा केल्या, मोजपट्टी काढली. तोवर घरधनीणबाईंनी वाकून, न बघता, निम्मं खाचर लावून टाकलं. यानं नंतर मोजपट्टी लावली.

"किती भरलं रे अंतर?" मी विचारलं.

"पंचवीसच्या आसपास," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "आसपास म्हणजे पंचवीसच."

मला उगाच बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.

हळूहळू फोनचा सूर बदलत गेला. सुरुवातीला हा त्यांना काय काय सांगितलं ते सांगायचा. मग त्यांनी याला काय सांगितलं ते सांगायला लागला. खेकडा बांध पोखरतो तेव्हा पाणी कसं ओळखायचं. कोणत्या ढगाला उभं राहायचं आणि कोणत्या ढगाला घरी जायचं. एकदा म्हणाला, "पप्पा, आबांच्या वावरात शेततळं बसेल का हो?" मी म्हटलं, सतरा सह्या आण, बसेल. तो हसला नाही. वहीत लिहून घेतलं असावं.

गेल्या आठवड्यात फोन जरा वेगळा आला. घरधनी शेजारीच बसले होते, मागं पाऊस वाजत होता.

"पप्पा, काका विचारतायत तुमच्याबद्दल. मी सांगितलं, लूम्सच्या खात्यात मेहताजी आहेत."

"बरं."

"त्यांचा मोठा मुलगा पांडेसऱ्यात मिलमध्येच आहे. धाकटा बारावी झालाय. त्याच्यासाठी खात्यात काही जमेल का, विचारतायत. शेतीत काही राहिलं नाही म्हणतात."

मी काही बोललो नाही. पलीकडून काकांनीच फोन घेतला. फार अदबीनं बोलले. म्हणाले, तुमचा मुलगा गुणी आहे, चिखलाला भीत नाही, त्याची काळजी करू नका. आमच्याचं तेवढं बघा.

दुसऱ्या दिवशी शेठच्या कानावर घातलं. शेठ मोबाइलवर सुताचा भाव बघत होते. मान वर न करता म्हणाले, "मोकली आपो." मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी वर बघितलं, "पण मेहताजी, तुमच्या मुलासारखा भणेला नको हं. उद्या तो गावी शेती करायला पळून जाईल."